खेळातली मंत्रविद्या आणि तिचं एस्टिमेट

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा आटोपशीर करून)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल की हा बांधकाम खात्याचा माणूस, हा रस्त्यांवर बोलणार. आळंद रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल ज्यांना विचारायचं आहे त्यांनी आरतीनंतर चहाच्या वेळी गाठावं. आज विषय वेगळा आहे. खेळात जादू आणायची असेल तर तिचे नियम कसे बसवायचे, हा तो विषय. तो मी का घेतला, हे आधी सांगतो.

आपल्या कडगंचीच्या माळावर केंद्रीय विद्यापीठ आलं. २००९ साली ते स्थापन झालं, आणि तेव्हापासून केरळपासून बिहारपर्यंतची मुलं इथं दिसू लागली. माझा पुतण्या तिथं शिकतो. त्यानं हॉस्टेलच्या मित्रांकडून एक खेळ घरी आणला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार, बाकीचे प्रत्येकी एक पात्र. पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि फासे. सूत्रधार म्हणतो, "समोर किल्ल्याचा दरवाजा आहे, आतून अडसर घातलाय, बुरुजावर दोन पहारेकरी. काय करता?" मग प्रत्येकानं आपल्या पात्राच्या तोंडानं बोलायचं, आणि जिथं यश येईल की अपयश याची शंका आहे तिथं फासा टाकायचा. म्हणजे अर्धं सोंग आणि अर्धा सारीपाट. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं असा पहिला खेळ छापला, आणि आता जगभर शेकडो तऱ्हेचे असे खेळ आहेत.

आमच्या घरी दर रविवारी दुपारी हा खेळ रंगायला लागला. माझी मुलगी, पुतण्या, कॉलनीतली आणखी तीन पोरं. खेळ इंग्रजीतून, पात्रं इंग्रजी, राक्षससुद्धा इंग्रजी. एकदा आमच्या मातोश्री शेंगा सोलत शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय खेळायलात रे पोरांनो?" पुतण्या म्हणाला, "आजी, हा माझा जादूगार. हा हातातून आगीचा गोळा फेकतो." आईनं शेंग फोडता फोडता विचारलं, "बरं. मग त्याचा उतारा काय?"

पोरं गप्प. आगीच्या गोळ्यानं किती जण मरतात ते त्यांना माहीत होतं, तो किती फूट जातो हेही माहीत होतं. उतारा कुणालाच सांगता येईना.

मंडळी, आमच्या आईनं नवनाथ भक्तिसाराची पारायणं केलेली आहेत. धुंडिसुत मालू कवीचा हा ग्रंथ १८१९ सालचा, चाळीस अध्यायांचा. आपल्याकडे श्रावणात घरोघर वाचला जातो, पण त्याच्याकडे या नजरेनं कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यातल्या लढाया आठवा. एकानं अग्निअस्त्र सोडलं की दुसरा पर्जन्यास्त्र सोडतो. पर्जन्याला वायव्यास्त्र, वायव्याला पर्वतास्त्र, पर्वताला वज्रास्त्र. प्रत्येक विद्येला तोड आहे, आणि कशाला काय तोड हे ऐकणाऱ्या पोराला पाठ असतं. मच्छिंद्रनाथ आणि मारुती समोरासमोर येतात तेव्हा मारुती डोंगर फेकतो आणि नाथ ते हवेतच थोपवून धरतात. तिथं आपल्याला मजा येते, कारण काय फेकलं आणि कशानं अडवलं हे समजतं. शिवाय ही विद्या मच्छिंद्रनाथांना फुकट मिळालेली नाही. सप्तशृंगीच्या देवीच्या सांगण्यावरून एकेका देवतेला प्रसन्न करून घ्यावं लागलं, तेव्हा एकेक मंत्र वश झाला.

सँडरसन नावाचे एक अमेरिकन कादंबरीकार आहेत. त्यांनी २००७ साली एका लेखात नियम मांडला की, वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितकीच ती गोष्टीतली अडचण सोडवायला वापरता येते. न समजलेल्या जादूनं अडचण सुटली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. पुतण्यानं हे मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, आजीनं एका शब्दात विचारलं होतं तेच हे.

त्या दिवसापासून पोरांनी ठरवलं, आपला खेळ आपण करायचा, आणि मराठीत करायचा. हिशोबाला मी. आई अपील कोर्ट.

पहिला प्रश्न पडला तो मर्यादेचा. जादूगाराला सगळंच करता आलं तर बाकीच्या चौघांनी काय शेंगा सोलत बसायचं? अमेरिकन खेळानं याचं उत्तर एका कादंबरीतून उचललं. जॅक व्हान्स यांचं १९५० सालचं 'द डाइंग अर्थ' हे पुस्तक. त्यात जादूगार मंत्र पाठ करतो, आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. परत पोथी उघडून पाठ करावा लागतो. मोठा जादूगारसुद्धा एका वेळी चार भारी किंवा सहा हलके मंत्र डोक्यात धरू शकतो, जास्त नाही. त्यामुळे सकाळी घरातून निघताना कोणते मंत्र पाठ करून निघायचं इथूनच खेळ सुरू होतो.

पोरांना हे फार नवं वाटलं. मी म्हटलं, महाभारत काढा. कर्णानं कवचकुंडलं दिली आणि इंद्राकडून वासवी शक्ती घेतली. अट एक: एकदाच वापरता येईल. ती त्यानं अर्जुनासाठी राखून ठेवली, आणि चौदाव्या रात्री घटोत्कच आवरेना म्हणून त्याच्यावर खर्च करावी लागली. घटोत्कच पडला तरी कृष्णाला आनंद झाला. का झाला? कारण त्याचा हिशोब पक्का होता. त्याच कर्णाला परशुरामाचा शाप, की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. म्हणजे मंत्र विसरणं आपल्याकडे व्हान्ससाहेबांच्या किती आधीपासून आहे. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही; अर्जुनाला दोन्ही येतं, आणि दोघांमधला फरक एवढाच की एकाचं शिक्षण अर्धवट. अभिमन्यूचंही तेच, आत जायचं माहीत, बाहेर यायचं नाही. नारायणास्त्राला तर प्रतिअस्त्रच नाही, शस्त्रं खाली ठेवून रथातून उतरलं की ते शांत होतं. ऐकलं नाही ते एकट्या भीमानं, त्याला ओढून खाली उतरवावं लागलं. ज्यानं ही सगळी कलमं बांधली तो माणूस खेळाचे नियम करण्यात पुढच्या कुणाहीपेक्षा वाकबगार होता.

आणि आज ज्याच्यापुढे आपण बसलोय तो गजाननही अट घातल्याशिवाय लिहायला बसला नाही. लेखणी थांबली तर मी उठणार, ही त्याची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, ही व्यासांची उलट अट. कराराला प्रतिकलम जोडलं आणि काम सुरू झालं. आमच्या खात्यात टेंडरला एवढ्या झटपट मंजुरी मिळत नाही.

आता खरा घोळ. मंत्र किती, आणि प्रत्येकाचा वेगळा नियम लिहायचा का? अमेरिकन पुस्तकात शेकडो मंत्रांची यादी आहे. आम्ही तशी लिहायला घेतली आणि तिसऱ्या पानावर कंटाळलो. मग पुतण्यानं 'आर्स मॅजिका' या १९८७ सालच्या दुसऱ्या खेळाची युक्ती सांगितली. त्यात मंत्रांची यादी पाठ करायची गरज नाही. लॅटिनमधली पाच क्रियापदं आणि दहा नामं. क्रियापद आणि नाम जोडलं की मंत्र. पाच दाहे पन्नास जोड्या, आणि प्रत्येक जोडीत तुमची कल्पना चालेल तितके प्रकार.

मला हे लगेच पटलं. आमच्याकडेही प्रत्येक इमारतीचा वेगळा भाव नसतो. खोदाईचा दर, काँक्रीटचा दर, गिलाव्याचा दर, आणि त्यांच्या जोडणीतून हवी ती इमारत. एक रविवार आम्ही फक्त मराठी क्रियापदं निवडण्यात घालवला. शेवटी ठरली ती ही: घडवणे, ओळखणे, पालटणे, मोडणे, आवरणे. नामं: पाणी, आग, वारा, माती, झाड, जनावर, अंग, मन, भास आणि दहावं स्वतः मंत्र. ओळखणे आणि माती: विहिरीला पाणी कुठं लागेल ते कळतं. आवरणे आणि पाणी: ओढ्याचा पूर थोपवता येतो. मोडणे आणि मंत्र: हा आईचा उतारा! कोष्टकात तो आपोआप येऊन बसला तेव्हा आईला वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "असणारच की."

माझ्या मनातला खरा विषय इथून सुरू होतो, म्हणून थोडा वेळ घेतो. आपण सगळे इथं दोन-तीन पिढ्या, काही जण त्याहून जास्त. घरात मराठी, बाहेर कन्नड, बाजारात दख्खनी, ऑफिसात कन्नड आणि इंग्रजी. याचं मला दुःख नाही, मी कन्नडमध्ये टिप्पणी लिहून पगार घेतो आणि ती भाषा मला आवडते. पण आपल्या मुलांची मराठी ही आता समजण्यापुरती उरली आहे. "माझा आई", "ती पाणी", "तो आग", हे आपण ऐकतो आणि हसून सोडून देतो. रागावलं तर मूल कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देऊन मोकळं होतं.

खेळात पोरांनी स्वतःच नियम केला. मंत्र म्हणजे एक पुरं मराठी वाक्य, मोठ्यानं, आणि ते व्याकरणानं बरोबर पाहिजे. लिंग चुकलं तर फाशातून दोन वजा. वाक्य अर्ध्यात सोडून इंग्रजी शब्द घातला तर मंत्र फुकट. हा नियम माझा असता तर कुणी मानला नसता. माझ्या मुलीची शाळा कन्नड माध्यमाची. तिला "आग" पुल्लिंगी वाटायची, आणि तिच्या पात्राचा हात तीन वेळा भाजला. चौथ्या वेळी ती चुकली नाही, आजतागायत चुकलेली नाही. कॉलनीतला एक मुलगा तेलुगू घरातला, त्यालाही तोच नियम, आणि आता तोच इतरांच्या चुका काढतो. आईकडे एकेक जण येऊन हळूच विचारतो, "आजी, वारा तो का ती?" पोथीतले शब्दही बाहेर येऊ लागले. थोपवणे, वश होणे, उतरवणे, विरणे. हे शब्द गेली वीस वर्षं आमच्या घरात पारायणापुरतेच होते.

आता दर. यात मी थोडा रमलो, माफ करा. प्रत्येक पात्राला दहा दम. दम म्हणजे शक्ती, शब्द पोरांचाच. मंत्राचा दर ठरतो तो ज्याच्यावर मंत्र टाकायचा त्याच्या मापावर. घागरीएवढं असेल तर एक दम, बैलगाडीएवढं दोन, वाड्याएवढं चार, गावाएवढं आठ. हात लावून म्हटलं तर तेवढंच, हाकेच्या अंतरावर एक जादा, नजरेच्या अंतरावर दोन जादा. गावाएवढा मंत्र नजरेच्या अंतरावरून म्हटला तर आठ आणि दोन, दहाच्या दहा संपले. नजरेच्या पलीकडे मंत्र नाही. या शेवटच्या कलमाकडे मी परत येणार आहे.

आणि फासे दोन, आपले नेहमीचे सहा बाजूंचे. वीस बाजूंचा फासा ऑनलाइन मिळतो, पण तो प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेनं देतो. दोन फाशांची बेरीज तशी नाही. छत्तीस तऱ्हांनी ते पडतात. त्यात सात सहा तऱ्हांनी येतो आणि दोन फक्त एका तऱ्हेनं. साध्या मंत्राला सात किंवा वर पाहिजे, म्हणजे छत्तीसपैकी एकवीस वेळा यश. अवघड मंत्राला नऊ किंवा वर, म्हणजे छत्तीसपैकी दहाच वेळा. दोननं आकडा वाढला आणि यश निम्म्यावर आलं, हे पोरांनी वहीत छत्तीस चौकोन काढून मोजलं. गणितात नापास होणाराही मोजत होता. नळराजाची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली. बाहुकाच्या वेषात तो ऋतुपर्णाचा रथ हाकतो आहे, वाटेत राजा बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पानं-फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग देवघेव होते, राजाकडून अक्षविद्या, नळाकडून अश्वविद्या. आणि ती मोजायची विद्या हाती येताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. फाशानं ज्याचं राज्य घालवलं त्याचा कली मोजणीनं उतरतो, ही गोष्ट मला आपल्या सगळ्या पुराणांत जवळची वाटते.

नियम झाले, आता खेळायचं कुठं? पोरांनी किल्ले, भुयारं, खजिना सुचवला. बिदरचा किल्ला आपल्याला जवळ, कलबुर्गीचा त्याहून जवळ. पण आई म्हणाली, दामाजीचा दुष्काळ घ्या.

दामाजीपंत मंगळवेढ्याचे. बिदरच्या बादशहाचे अंमलदार, म्हणजे सरळ सांगायचं तर आमच्यासारखे सरकारी नोकर. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, आणि कोठारं सरकारी धान्यानं भरलेली. हुकूम नव्हता. त्यांनी कोठारं उघडली. मग बोलावणं आलं, आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, पैसे भरले, पावती घेतली, अशी कथा. लहानपणी मला त्या कथेत विठोबाचा भाग आवडायचा. नोकरीत वीस वर्षं काढल्यावर कोठाराच्या दारापाशी उभे असलेले पंत जास्त दिसतात. हुकूम नाही, किल्ली हातात आहे, दारापुढे माणसं बसलेली आहेत.

मग प्रश्न आला. आपल्या पन्नास जोड्यांत 'घडवणे' आहे. धान्य घडवता येतं का? पुतण्या म्हणाला, का नाही, माती पालटून ज्वारी. मुलगी म्हणाली, "मग दामाजीनं कोठार उघडलंच कशाला?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. जादूनं धान्य मिळत असेल तर दुष्काळच नाही, दुष्काळ नाही तर पंतांचं धाडस नाही, आणि मग आपण खेळतोय काय? वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं गेलं: मंत्रानं अन्न होत नाही.

तेवढ्यावर माझ्यातला हिशोबनीस थांबेना. गेलेला दम परत येतो कसा? अमेरिकन खेळात रात्रभर झोपलं की येतो. मी म्हटलं, झोप आणि भाकरी. दोन दमाला एक भाकरी. म्हणजे दहाही दम खर्च करणारा जादूगार पाच भाकरी खाणार, आणि त्याही दुष्काळात, कुणाच्या तरी तोंडच्या.

हा नियम आल्यावर खेळ पार बदलला. एका रविवारचं सांगतो. पात्रं धान्य घेऊन एका वाडीवर पोचली. विहिरीवर भलीमोठी शिळा कोसळलेली, पाणी आत, माणसं बाहेर. शिळा वाड्याएवढी धरली, हात लावून मंत्र म्हणायचा, चार दम. पुतण्यानं वाक्य अगदी शुद्ध म्हटलं. फासे पडले पाच. दम गेले, शिळा जागच्या जागी. परत म्हणायचं तर आणखी चार, म्हणजे दोन्ही मिळून चार भाकरी, आणि सूत्रधार असलेली माझी मुलगी शांतपणे सांगत होती की वाडीवर सात लहान मुलं आहेत आणि त्यांनी काल काही खाल्लेलं नाही. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग तो तेलुगू घरातला मुलगा म्हणाला, "दोर आहे का? बैल आहेत का?" बैल दोन होते, तेही मरतुकडे. मग कप्पी लावायची की तरफ, खालची माती उकरून शिळा कलती करायची की फोडायची, यावर दोन तास गेले. त्या दोन तासांत कुणी मंत्र म्हटला नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केल्याचं इतकं समाधान मला फार थोड्या वेळा मिळालं आहे.

विठू महाराचं काय, हाही प्रश्न आलाच. पोरांना तो शेवटी यायला हवा होता. किती दम लावले तर येईल? आईनं शेंगांची परडी खाली ठेवली. "तो फासे टाकून बोलवायचा नाही. यायचा तेव्हा येईल." त्यावर अपील नव्हतं. पोरांनी त्याला दर लावला नाही, पात्रही केलं नाही.

मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला या निमित्तानं विचारलं होतं, आणि त्यांचं विचारणं रास्त होतं, की सायंदेवांच्या गावात, गुरुचरित्राच्या गावात, जादूचे खेळ कसले? मी त्यांना आईचा हा निवाडा सांगितला. गुरुचरित्राच्या चौदाव्या अध्यायात सायंदेव क्रूर राजाकडे जायला निघतात. जीव जाणार हे ठाऊक आहे. श्रीगुरू अभय देतात, आणि राजाचाच थरकाप होतो. तिथं सायंदेवांनी कुठला मंत्र सोडला नाही, किंमत मोजली नाही, त्यांच्या हातात काही नव्हतंच. ही कृपा, आणि ती कोष्टकात बसत नाही. सिद्धी मात्र बसते. चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले ते सगळं आमच्या कोष्टकात येतं: आवरणे आणि जनावर. समोरून भिंत चालत आली, ती येत नाही. आपल्या परंपरेनं या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या आहेत, आणि आम्हीही ठेवल्या. पोरांनी ज्ञानदेवांच्या नावानं सांगितला जाणारा मोक्षपटही पाहिला आहे. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. खेळातून काही गंभीर बोलायला आपल्याकडे कधी बंदी नव्हती.

आता ते नजरेच्या पलीकडचं कलम. दुष्काळाच्या खेळाला शत्रू पाहिजे म्हणून पोरांनी एक म्हातारी आणली. गावाबाहेर एकटी राहणारी, भानामती करणारी. घरांवर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. पोरांना हे कुणी शिकवलं नव्हतं, आपल्या भागात हे हवेतच आहे. बिदर, कलबुर्गी, पलीकडे लातूर, धाराशिव, हा भानामतीचा पट्टा म्हणूनच ओळखला गेला. तिथं मी खेळ थांबवला.

आमच्या खेळातला मंत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा असतो. कुणी म्हटला, कशावर म्हटला, किती दम गेले, फासा किती पडला, सगळं टेबलावर उघडं. भानामतीत यातलं काहीच नसतं. कुणी केली ते दिसत नाही, कशी केली ते सांगता येत नाही, कुठून केली याला अंतराची मर्यादा नाही. ज्याला नियमच नाही त्याचा आरोप कुणावरही करता येतो, आणि केली नाही हे सिद्ध करायला कुणालाच जागा राहत नाही. आणि आरोप येतो कुणावर? जिच्या मागे माणूस नाही, जिची दोन एकर जमीन भावकीला हवी आहे, तिच्यावर. महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या कर्नाटकात २०१७ साली झाला आणि २०२० पासून लागू आहे. साइटवर फिरताना मी अशी घरं पाहिली आहेत. एका वस्तीवर रस्ता मोजायला गेलो असताना एक बाई मला म्हणाली, साहेब, मला मार खाऊन एवढे दिवस झाले, पण मी काय केलं ते अजून कुणी सांगितलं नाही. पोरांना मी तेवढंच सांगितलं.

म्हातारी खेळात राहिली. पोरांनीच ठेवली. पण आता सूत्रधार सांगतो की गाव तिच्यावर उठलं आहे, आणि दगड कोण टाकतं ते पात्रांनी शोधायचं आहे. 'नजरेच्या पलीकडे मंत्र नाही' हे कलम त्यांना तिथं उपयोगी पडलं. दगड पडले तेव्हा म्हातारी आपल्या झोपडीत होती, तिथून ती आळी दिसतच नाही, सबब मंत्र तिचा नाही. कोर्टात चालेल असा युक्तिवाद दहा वर्षांच्या पोरीनं केला.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. घडवणे आणि अंग, म्हणजे संजीवनी. मेलेलं पात्र परत आणता यावं का? मुलगी म्हणते मुळीच नाही. पुतण्या म्हणतो यावं, पण आणणाऱ्याचे सगळे दम कायमचे जावेत. आईनं त्यावर गोरक्षनाथांची गोष्ट काढली. गोरक्ष संजीवनी मंत्र घोकत बसले होते, आणि पोरांच्या हट्टापायी हातानं मातीचा बाहुला करत होते. मंत्र चालूच होता, बाहुला उठून रडायला लागला. तेच गहिनीनाथ. ते मूल मग एका दांपत्याला सांभाळायला द्यावं लागलं. आईचं म्हणणं, दम किती जातात ते मोजत बसू नका. ज्यानं उठवलं त्यानं पुढं त्याला जेवू घालायचं, रोजची दीड भाकरी, खेळ चालू असेतोवर. पुतण्याला हा दर परवडत नाही. नियम वहीत सध्या पेन्सिलनं लिहिलेला आहे.

उद्या दुपारी चार वाजता मांडवाच्या मागच्या खोलीत खेळ मांडणार आहोत. मुलांनी येताना दोन फासे आणि एक कोरी वही आणावी. मोठ्यांपैकी कुणाला बसायचं असेल तर जागा आहे, फक्त मोबाइल बाहेर, आणि वाक्यं शुद्ध पाहिजेत.